थांबणाऱ्याचं काय होतं?

शिफ्ट सुटली होती. सगळे हात-तोंड धुऊन गेटकडे निघाले होते आणि तो मात्र डावा हात पँटच्या खिशात खुपसून भिंतीच्या कडेकडेनं चालला होता. खिशाचं कापड ओलं दिसलं. आधी वाटलं, पाणी असेल. जवळ गेलो तर रक्त. त्याला बाजूला घेतलं, हात बाहेर काढायला लावला. तर्जनीच्या मधल्या पेरावर मशीन पुसायची चिंधी करकचून गुंडाळलेली होती आणि तिच्यावरून काळी इन्सुलेशन टेप. टेपच्या कडेतून रक्त झिरपत होतं. चिंधीला ग्रीसचा वास येत होता.

"कधी लागलं?"

"दुपारी, साहेब. तीनेक तास झाले असतील."

"मग सांगितलं का नाहीस?"

तो काही बोलला नाही. त्यानं फक्त मान वळवून गेटशेजारच्या बोर्डाकडे पाहिलं. निळ्या बोर्डावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अपघातविरहित दिवस', आणि त्याखाली आकडा होता २१४. २५० भरले की अख्ख्या खात्याला बक्षीस मिळणार होतं.

"माझ्या एकट्यामुळं सगळ्यांचं गेलं असतं," तो म्हणाला.

टाके पडले. बोट वाचलं, पण ते आजही पूर्ण मिटत नाही. आणि तो बोर्ड माझ्याच आग्रहानं तिथं लागला होता. आकडा वाढताना पाहून लोकांना अभिमान वाटेल, लोक जपून काम करतील, असं मी मीटिंगमध्ये पटवून सांगितलं होतं. लोकांनी जपलं खरं, पण आकड्याला जपलं. त्या रात्री मला झोप आली नाही. २१४ दिवसांत अशा किती चिंध्या गुंडाळल्या गेल्या असतील, हे मला कधीच कळणार नव्हतं.

माणसं कामावर सुरक्षित का वागतात आणि का वागत नाहीत, या प्रश्नात मी नोकरीची बरीच वर्षं घालवली आहेत. आधी सेफ्टी ऑफिसर म्हणून, नंतर प्लांटची जबाबदारी घेऊन. सुरुवातीला उत्तर सोपं वाटायचं. नियम नीट समजावून सांगा, पोस्टर लावा, पाळणाऱ्याला बक्षीस द्या, मोडणाऱ्याला दंड करा. त्या बोटानं मला पहिल्यांदा शंका आली.

मग वाचायला लागलो तेव्हा कळलं की असा बोर्ड काही माझ्या एकट्याच्या गेटवर नव्हता. २० एप्रिल २०१० रोजी मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या तेलविहिरीच्या तरंगत्या फलाटावर स्फोट झाला, ११ माणसं गेली. त्याच दिवशी वरिष्ठ अधिकारी तिथं आलेले होते, आणि त्यांच्या भेटीचं एक कारण होतं कौतुक: कामाचा दिवस बुडेल अशी एकही दुखापत न होता सात वर्षं काढली म्हणून. त्याआधी, मार्च २००५ मध्ये, टेक्सास सिटीच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात एका उंच टॉवरमध्ये द्रव प्रमाणाबाहेर भरला गेला, पातळी दाखवणारं यंत्र चुकीचं वाचन देत राहिलं, आणि स्फोटात १५ जण मेले. नंतर नेमलेल्या स्वतंत्र समितीनं स्पष्ट लिहिलं की तिथले लोक पाय मुरगळणं, बोट कापणं अशा दुखापतींचा उतरता आकडा पाहून निश्चिंत झाले होते. तो आकडा टॉवरबद्दल काहीच सांगत नव्हता. अमेरिकेत कामगार-सुरक्षेचा कायदा राबवणाऱ्या खात्याला २०१२ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना खास पत्र काढून सांगावं लागलं की 'दुखापत नाही तर बक्षीस' अशा योजनांवर नजर ठेवा, कारण त्यामुळे लोक लागलेलं लपवतात.

मी हे पत्र वाचलं आणि डोळ्यांपुढे ती काळी टेप आली.

दुसऱ्या आठवड्यात बोर्ड काढला. भिंतीवर स्क्रूची चार भोकं राहिली, ती बुजवायला मी कुणालाच सांगितलं नाही.

दंडाची गोष्ट वेगळी. ती मला अजून सविस्तर सांगायची आहे, कारण तिथं माझं डोकं खऱ्या अर्थानं बदललं.

पॅकिंग लाइनवर एक जाळीचा गार्ड होता. त्याच्या दरवाजाला इंटरलॉक: दरवाजावर एक धातूची पट्टी, ती चौकटीवरच्या स्विचच्या खाचेत बसते, दरवाजा उघडला की पट्टी खाचेतून निघते आणि लाइन जागच्या जागी थांबते. एके दिवशी फेरी मारताना पाहिलं, दरवाजा सताड उघडा आणि लाइन धावतेय. खाचेत दुसरीच एक पट्टी घालून ठेवलेली. स्टोअरमधून कुणीतरी जादा पट्टी आणली होती. मी संतापलो. पट्टी काढली, ऑपरेटरला लेखी ताकीद दिली, शिफ्टपुढे पंधरा मिनिटं बोललो. दोन आठवड्यांनी पुन्हा तेच. पुन्हा ताकीद, या वेळी पगारातून कपात. महिन्याभरानं पुन्हा तेच, आणि या खेपेला ऑपरेटर वेगळा होता.

तिसऱ्या वेळी मी ताकीद दिली नाही. स्टूल घेतलं आणि लाइनशेजारी पूर्ण शिफ्ट बसून राहिलो.

त्या शिफ्टमध्ये वळणावर बॉक्स आडवा होऊन २६ वेळा अडकला. मी वहीत रेघा मारल्या होत्या. दर वेळी दरवाजा उघडायचा, बॉक्स सरळ करायचा, दरवाजा लावायचा. हे काम पंधरा सेकंदांचं. पण दरवाजा उघडला की इंटरलॉक लाइनसोबत सील करणाऱ्या हीटरचीही वीज तोडायचा, आणि हीटर पुन्हा तापायला चार मिनिटं लागायची. २६ गुणिले ४. पावणेदोन तास. तासातासाला उत्पादनाचा आकडा लिहायचा फळा समोरच टांगलेला होता, आणि आकडा खाली आला की फोरमन येऊन उभा राहायचा. तो ओरडायचा असंही नाही. नुसता फळ्याकडे बघत उभा राहायचा.

मी त्या स्टुलावर बसून त्या मुलाचे हात पाहत होतो. त्याच्यापुढे रोज २६ वेळा प्रश्न यायचा, की बोटं वाचवू की आकडा. आम्ही त्याला तो प्रश्न २६ वेळा विचारत होतो, आणि एकदा त्यानं आमच्या मनासारखं उत्तर दिलं नाही की ताकीद देत होतो.

इलेक्ट्रिशियननं हीटरचं सर्किट गार्डपासून वेगळं केलं. फिटरनं वळणावरची गाइड पट्टी दोन बोटं आत सरकवली. एक दुपार गेली. त्यानंतर बॉक्स शिफ्टला दोन-तीनदा अडकायचा आणि लाइन लगेच सुरू व्हायची. जादा पट्टीची गरजच राहिली नाही. काही महिन्यांनी ती मला एका ड्रॉवरमध्ये सापडली, तिच्यावर धूळ होती. त्या काळात मी एकही भाषण दिलं नव्हतं.

माणसाला बदलण्याआधी त्याच्या हातातली वस्तू बदलून बघावी, हे शहाणपण जुनंच आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन बी-१७ विमानं उतरल्यावर पायलट फ्लॅपच्या, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्यांच्या, लिव्हरऐवजी चाकं आत घ्यायचा लिव्हर ओढायचे आणि चांगलं विमान पोटावर बसायचं. पायलटच्या निष्काळजीपणावर बोट ठेवणं सोपं होतं. अल्फोन्स चपॅनिस नावाच्या तरुण मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये बसून पाहिलं: दोन्ही लिव्हर शेजारी-शेजारी आणि दिसायला सारखे. त्यानं चाकांच्या लिव्हरला रबरी चाकाच्या आकाराची मूठ लावायला सांगितली आणि फ्लॅपच्या लिव्हरला पाचरीसारखी. अंधारात, घाईत, थकलेल्या हातालाही कळावं, की हे चाक आणि हा फ्लॅप. विमानं पोटावर बसणं थांबलं.

याच्या उलट शिकवणही आमच्या क्षेत्रात फार काळ चालली. १९३१ मध्ये हाइनरिख या विमा कंपनीतल्या माणसानं लिहिलं की ८८ टक्के अपघात माणसाच्या असुरक्षित कृतीमुळे होतात. हा आकडा मीसुद्धा कितीतरी प्रशिक्षणांत फळ्यावर लिहिला आहे. पण त्याचा आधार बऱ्याच अंशी होता कारखान्यांतून आणि विम्याच्या दाव्यांतून आलेल्या अहवालांचा. अपघाताचा अहवाल लिहितो सुपरवायझर. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत. 'कारण' या रकान्यात 'ऑपरेटरचा हलगर्जीपणा' असं लिहिलं की फाइल बंद होते. 'गाइड पट्टी चुकीच्या जागी, तीन महिने तक्रार असूनही दुर्लक्ष' असं लिहिलं तर आपल्यालाच उभं राहावं लागतं. मग मी काय लिहीत असेन?

अशा लहानसहान गोष्टी खूप आहेत आणि त्यांच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. हातमोजे एकाच मापाचे मागवायचे आणि ज्यांचे हात लहान आहेत, विशेषतः बायकांचे, त्यांनी ते काढून ठेवले की 'या लोकांना शिस्त नाही' म्हणायचं. चष्म्यावर वाफ धरते म्हणून माणूस तो कपाळावर सरकवतो. कान झाकले की शेजारच्या गाडीचा हॉर्न ऐकू येत नाही, म्हणून तो एक कान उघडा ठेवतो. प्रत्येकामागे कारण असतं, आणि विचारलं तर तो सांगतो. विचारावं मात्र लागतं.

आता मूळ मुद्द्याकडे येतो.

वस्तू बदलून बरंच साधतं, पण सगळं साधत नाही. काही क्षण असे येतात की तिथं माणसालाच ठरवावं लागतं: हे थांबवू की चालू ठेवू? आवाज जरा वेगळा येतोय. वास येतोय. सहीची वेळ झाली, पण परमिटवर, म्हणजे कामाच्या परवानगीच्या कागदावर, लिहिलेलं आणि समोर दिसणारं जुळत नाही. अशा वेळी माणसाच्या डोक्यात नियमावली उघडत नाही. त्याच्या डोक्यात एक चेहरा येतो, शेवटी जो थांबला होता त्याचा. त्याचं पुढं काय झालं, हे अख्ख्या खात्याला पाठ असतं.

मी दोन ठिकाणं पाहिली आहेत. पहिल्या ठिकाणी, मी अगदी नवीन असताना, एका शिफ्ट इनचार्जनं रात्री कंप्रेसर बंद केला. त्याला बेअरिंगचा आवाज बरोबर वाटेना. उघडून पाहिलं, काही सापडलं नाही. चार तासांचं उत्पादन गेलं. त्याला कुणी रागावलं नाही, मेमोही दिला नाही. पुढच्या महिन्यात त्याची बदली दुसऱ्या विभागात झाली, एवढंच. बदलीचा आणि कंप्रेसरचा संबंध आहे असं कुणी तोंडानं म्हटलं नाही, आणि तसं कुणाला म्हणायची गरजही नव्हती. मी तिथं पुढं जवळजवळ दोन वर्षं होतो. त्या दोन वर्षांत रात्री कुणीही कुठलंही यंत्र संशयावरून बंद केल्याचं मला आठवत नाही. भिंतीवर मात्र ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं: 'शंका आली तर काम थांबवा.'

दुसऱ्या ठिकाणीही जवळपास असंच घडलं. गॅसचा वास आला म्हणून एका ऑपरेटर मुलीनं लाइन थांबवली, माणसं बाहेर काढली. तपासलं तर गळती नव्हती. शेजारच्या खोलीत थिनरचा डबा उघडा राहिला होता. अडीच तास गेले, माल वेळेत गेला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये ती मागच्या भिंतीला टेकून उभी होती. हात पाठीमागे, नजर जमिनीकडे. सगळे प्लांट मॅनेजरच्या तोंडाकडे पाहत होते. मीही.

ते म्हणाले, "काल लाइन थांबवली ते बरोबर केलं. वास नाकाला कळतो, डबा आहे की पाइप हे नाकाला कळत नाही. उद्या परत वास आला तर परत थांबवायची. आणि थिनर उघडा का राहिला, हे मला दुपारपर्यंत सांगा." एवढं बोलून ते पुढच्या विषयावर गेले. दोन मिनिटंसुद्धा लागली नसतील. पण त्या सकाळी खोलीत जे तीसेक लोक होते, त्यांनी ती दोन मिनिटं आपापल्या शिफ्टला नेली. पुढच्या काही महिन्यांत लाइन थांबवण्याचे प्रसंग वाढले. आमच्यातल्या एकानं तक्रारही केली की आता कुणीही उठतो आणि थांबवतो. मला ते वाढणं फार मोलाचं वाटलं आणि आजही वाटतं.

खरी कसोटी कधी लागते? थांबणारा बरोबर निघाला तर त्याचं कौतुक कुणीही करेल. तो चुकीचा निघाला, तेव्हा आपण काय करतो ते लोक पाहतात. आणि शंका दहापैकी नऊ वेळा चुकीचीच निघणार, कारण ती शंका असते.

२७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर अवकाशयानाच्या रॉकेटचे इंजिनिअर फोनवरच्या बैठकीत सांगत होते की एवढ्या थंडीत रबरी कड्या काम करतील याची खात्री नाही, उड्डाण करू नका. त्यांच्याकडे पुरावा अपुरा होता, शंका पक्की होती. त्यांना उलट विचारलं गेलं की उड्डाण धोक्याचं आहे हे सिद्ध करा. मधे थोडा वेळ बैठक थांबवली गेली आणि तेवढ्यात त्यांच्याच कंपनीतल्या एका वरिष्ठानं दुसऱ्याला इंजिनिअरची टोपी काढून मॅनेजरची टोपी घालायला सांगितलं. सल्ला फिरला. सकाळी ७३ सेकंदांत यान फुटलं, सात जण गेले. मला त्या रात्रीतली एकच गोष्ट सतत टोचते. थांबा म्हणणाऱ्यावर सिद्ध करायचं ओझं टाकलं गेलं. चालू ठेवा म्हणणाऱ्याला कुणी काही सिद्ध करायला लावलं नाही. आमच्या छोट्या-छोट्या खात्यांत रोज हेच घडतं, फक्त तिथं टीव्हीचे कॅमेरे नसतात.

बोलणाऱ्याला जपलं तर काय मिळतं, याचं माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण विमानवाहतुकीत आहे. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळ एक प्रवासी विमान उतरण्याच्या तयारीत असताना डोंगरावर आदळलं, त्यातले सगळे ९२ जण मेले. चौकशीत बाहेर आलं की सहाच आठवडे आधी दुसऱ्या एका कंपनीचं विमान उतरण्याच्या परवानगीच्या त्याच सूचनेचा तसाच चुकीचा अर्थ लावून त्याच डोंगराच्या वरून थोडक्यात निसटलं होतं. त्या वैमानिकांनी आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीनं आपल्या वैमानिकांना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोहोचलंच नाही. मग १९७६ मध्ये एक व्यवस्था सुरू झाली: चूक झाली, थोडक्यात वाचलो, तर लिहून कळवा. पत्र शिक्षा करणाऱ्या खात्याकडे जात नाही, नासाकडे जातं. फॉर्मच्या वरच्या भागात नाव-पत्ता असतो. ती पट्टी कापून, तारखेचा शिक्का मारून, लिहिणाऱ्यालाच परत पाठवतात. नाव त्याच्याकडे राहतं, धडा सगळ्यांकडे जातो. आजवर तिथं २० लाखांहून अधिक अहवाल आले आहेत. २० लाख वेळा कुणीतरी बसून लिहिलं, की माझ्याकडून असं झालं.

मला त्या परत येणाऱ्या पट्टीचं फार अप्रूप वाटतं. भीती घालवायला कुणी भाषण केलं नाही. कात्री चालवली.

एमी एडमंडसन या संशोधक १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषध देण्यातल्या चुकांचा अभ्यास करत होत्या. चांगल्या चमूत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलटे आले: जिथं प्रमुख चांगले आणि माणसांचं एकमेकांशी चांगलं जुळलेलं, तिथंच चुकांची नोंद जास्त. शोध घेतल्यावर ध्यानात आलं की तिथं चुका जास्त होत असतील असं नाही, तिथं त्या बोलल्या जात होत्या. हे वाचल्यापासून शून्य नोंदी असलेलं खातं दिसलं की मला भीती वाटते. तिथं मी जास्त वेळ थांबतो.

हे सगळं वरूनच सुरू होतं, असं आता म्हटलं जाईल, आणि ते खरं आहे. १९८७ मध्ये पॉल ओनील अल्कोआ या ॲल्युमिनियम कंपनीचे प्रमुख झाले तेव्हा गुंतवणूकदारांपुढच्या पहिल्याच भाषणात ते नफ्याऐवजी कामगारांच्या सुरक्षेवर बोलले. नियम केला की कुणालाही दुखापत झाली तर २४ तासांत त्या विभागाच्या प्रमुखानं स्वतः त्यांना कळवायचं, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार तेही सांगायचं. कामगारांना त्यांनी आपल्या घरचा फोन नंबर दिला. १०० कामगारांमागे वर्षाला १.८६ असं कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतींचं प्रमाण होतं, ते २००० सालापर्यंत ०.२ वर आलं. पण मला या गोष्टीत प्रमुखाचं भाषण महत्त्वाचं वाटत नाही. २४ तास महत्त्वाचे वाटतात. प्रमुखाला २४ तासांत कळायचं तर विभागप्रमुखाला त्याआधी कळायला हवं, त्याच्याआधी मॅनेजरला, त्याच्याआधी फोरमनला. म्हणजे फोरमनला रोज खाली जाऊन विचारणं भाग पडलं. वरचा माणूस कशाची वाट पाहतो, तेच खाली गोळा होतं.

मी स्वतः रात्री ब्रेकडाउनचा फोन आला की पहिला प्रश्न विचारायचो, "किती वेळ लागेल?" कित्येक वर्षं. माझ्या मनात माणसांची काळजी नव्हती असं नाही, पण फोनवर काळजी ऐकू जात नाही, प्रश्न ऐकू जातो. बोटाच्या प्रकरणानंतर मी ठरवून पहिला प्रश्न बदलला: "कुणाला काही लागलंय का? काम करणाऱ्यानं स्वतःचं कुलूप लावलंय का?" पहिल्या काही वेळा पलीकडे शांतता पसरायची, कारण या उत्तराची तयारी करून कुणी फोनच केलेला नसायचा. तीन-चार महिन्यांनी मी विचारायच्या आधीच पलीकडून यायला लागलं, "साहेब, सगळे ठीक आहेत, कुलूप लावलंय, आता सांगतो काय झालंय ते."

कुलपावरून आमचे फिटर काका आठवतात. यंत्र दुरुस्तीला घेतलं की मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, नावाची पाटी अडकवायची, किल्ली आपल्याच खिशात ठेवायची, हे सगळेच करतात. काका एक गोष्ट जास्त करायचे. कुलूप लावून झालं की यंत्राजवळ यायचे, सगळ्यांना मागे सरायला सांगायचे आणि स्टार्टचं बटण दाबायचे. यंत्र गप्प राहिलं की मग हात घालायचे. मी विचारलं होतं, कुलपावर भरवसा नाही का? म्हणाले, "कुलपावर आहे. पण ज्या पॅनेलला लावलं ते याच मशीनचं आहे का, ते बटणच सांगतं." सेफ्टीच्या पुस्तकात ही पायरी लिहिलेलीच असते आणि घाईत तीच सर्वांत आधी गळते. काकांनी ती कधी कुणाला शिकवली नाही. त्यांच्या हाताखाली आलेली पोरं मात्र सगळी बटण दाबायची. नवा माणूस पहिल्या दिवशी प्रशिक्षणाच्या खोलीत जे ऐकतो ते परीक्षेपुरतं असतं. दुसऱ्या दिवसापासून तो शेजारच्याचे हात बघतो.

आणि शेजारचा शिफ्ट सोडताना काय सांगून जातो, हेही. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा फलाटावर दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता आणि तोंड तात्पुरत्या झाकणानं बंद केलं होतं. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला पहिल्या पंपाच्या व्हॉल्व्हची गोष्ट पोहोचलेलीच नव्हती, त्यांनी तो सुरू केला. झाकणातून गळती झाली, स्फोट झाला, १६७ माणसं गेली. आम्ही त्यानंतर पाळी बदलताना दोघांनी यंत्रापाशी उभं राहून बोलायची पद्धत धरली. पाच मिनिटं लागतात आणि ती पाच मिनिटं दोघांच्याही पगारात धरली जातात. न धरली तर आठवडाभरात ती पद्धत मोडते, हेही आम्ही करून पाहिलेलं आहे.

शिस्त नकोच, असं मी म्हणत नाही. शुद्धीवर नसताना कामावर येणारा, दुसऱ्याचं कुलूप तोडणारा, यांना मी घरी पाठवलं आहे आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. उरलेल्या लोकांनाही ते हवं असतं.

बोर्ड काढला त्या जागी, त्या चार भोकांच्या खाली, आम्ही एक साधी वही दोरीनं बांधून ठेवली. तीन रकाने: काय दिसलं, काय केलं, कधी केलं. नाव लिहायची सक्ती नाही. पहिला महिना वही कोरी होती. मग एक नोंद आली, बाथरूमच्या नळाबद्दल. सुरक्षेशी तिचा संबंध नव्हता. नळ त्याच दिवशी बदलला आणि दुसऱ्या रकान्यात तसं लिहिलं. मग हळूहळू जिन्याचा दिवा, ट्रॉलीचं चाक, क्रेनचा हुक. जिथं आठवडा उलटूनही दुसरा रकाना कोरा राहायचा, तिथं पुढच्या नोंदी लगेच कमी व्हायच्या. इतका थेट हिशोब मी दुसऱ्या कुठल्याच अहवालात पाहिलेला नाही.

एका सकाळी वही उघडली तर नवी नोंद होती. अक्षर वाकडं, पेन नीट न धरता आल्यासारखं. खाली नाव नव्हतं, पण ते अक्षर मी ओळखलं. डावखुरा आहे तो, आणि त्याची तर्जनी मिटत नाही. 'मिक्सरच्या शिडीची तिसरी पायरी हलते.'

नऊला वरिष्ठांसोबत मीटिंग होती आणि नऊला दहा कमी होते. मिक्सर प्लांटच्या दुसऱ्या टोकाला. मी पाना घेतला आणि तिकडे निघालो. तो आपल्या यंत्रावर वाकून काम करत होता. त्यानं वर पाहिलं नाही, पण मी शिडीजवळ पोहोचलो तसे त्याचे हात थांबले. मी तिसऱ्या पायरीवर तळहात टेकवून भार दिला.

हलत होती.